कुऱ्हाड पुन्हा कामाला लावताना

गंजलेली, दांडा हलणारी, धार गेलेली कुऱ्हाड समोर आली की हात आधी धारेकडे जातो. मी तिथून सुरुवात करत नाही. आधी नेढं पाहते. दांडा बसतो ते भोक आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी भिंती शाबूत असतील तरच पुढच्या मेहनतीला अर्थ आहे. धार पुन्हा काढता येते, दांडा नवा करता येतो; नेढ्याला तडा गेलेलं पातं मात्र कामातून गेलं असं समजायचं. ते उडालं तर कुठे जाईल हे कुणाच्या हातात नसतं.

तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, गंजाखाली तर नाहीच. नेढ्याभोवतीचा भाग तारेच्या ब्रशने चकचकीत करायचा, रॉकेल चोळायचं, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं. मग कापडाने अगदी कोरडं पुसून वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू परत बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर एक बारीक काळपट रेघ उमटते. नेढ्याच्या चारही कोपऱ्यांत ही रेघ शोधावी. याच वेळी तुंबा, म्हणजे पात्याची मागची सपाट बाजू, तीही पाहायची. ती हातोड्यासारखी वापरली गेली असेल, किंवा तिच्यावर घण बसले असतील, तर कडा बाहेर पसरलेल्या दिसतात आणि नेढं आतून फुगलेलं किंवा दबलेलं असतं. धार असलेला भाग कडक केलेला असतो, तुंबा आणि नेढं तुलनेने मऊ ठेवलेलं असतं. म्हणून घणाचा मार नेढ्याचा आकार बिघडवतो, आणि बिघडलेल्या नेढ्यात कितीही चांगला दांडा घातला तरी तो सुटतोच.

जुना दांडा काढताना पात्याच्या लगेच खालून करवतीने कापून टाकायचा. नेढ्यात अडकलेला तुकडा ड्रिलने चार-पाच ठिकाणी पोखरायचा आणि खालच्या बाजूने वर ठोकून बाहेर काढायचा. पाचर मारलेल्या कुऱ्हाडीचं नेढं वरच्या तोंडाला जास्त रुंद असतं, म्हणून तुकडा वरच्या बाजूनेच सुटतो. वर लोखंडी पाचर असेल तर ड्रिल तिच्यावर आपटू नये, आधी ती चिमट्याने ओढून काढावी. दांडा जाळून काढायचा सोपा मार्ग अनेकजण सांगतात. तो घेऊ नये. आगीत पात्याचं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, उतरतं. पोलाद तापताना आधी पिवळसर, मग जांभळं आणि ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळं होतं. जळत्या निखाऱ्यांचं तापमान याच्या खूप वर असतं, आणि एकदा पाणी उतरलं की धार दोन घावांत मुडपते.

गंज काढायला ५ टक्क्यांचं साधं पांढरं व्हिनेगर पुरतं. पातं पूर्ण बुडेल असं प्लास्टिकच्या भांड्यात ठेवायचं, १२ तासांनी काढून ब्रशने घासायचं, गरज वाटली तर पुन्हा तेवढाच वेळ. दिवसचे दिवस बुडवून ठेवलं तर आम्ल चांगलं लोखंडही खातं आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. बाहेर काढल्यावर लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात धुवायचं, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. मग लगेच कोरडं करून तेलाचा हात. इथे घाई हवीच. ओलं पातं तसंच राहिलं तर तासाभरात नारिंगी झाक येते. खोल खड्डे पडले असतील तर ते घालवायच्या नादी लागू नये. गालावरचे, म्हणजे पात्याच्या दोन्ही रुंद बाजूंवरचे, खड्डे कामात आडवे येत नाहीत. फक्त धारेच्या शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये ते नसावेत, कारण तिथे ते खाचांसारखे वागतात आणि धार तिथूनच तुटते.

आता धार. धार म्हणजे नुसती पुढची कड नाही, त्या कडेमागची जाडी जास्त महत्त्वाची. वर्षानुवर्षं फक्त शेवटची कड घासून घासून वापरलेली कुऱ्हाड कागद कापेल इतकी तीक्ष्ण असूनही लाकडात शिरत नाही, कारण प्रत्येक घासण्यात कड मागे सरकते आणि मागच्या जाड भागाजवळ येते. तिथे खांदा तयार होतो. मग माणूस जोर वाढवतो, नेम चुकतो, दांडा तुटतो. कुऱ्हाड आपल्या वजनाने काम करते की आपल्याला करायला लावते, हे या जाडीवर ठरतं.

जाडी मोजता येते. धारेपासून १० मिलिमीटर मागे व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर २५ अंशांच्या धारेला, म्हणजे दोन्ही बाजूंमधला पूर्ण कोन २५ अंश असेल तर, साधारण साडेचार मिलिमीटर येतात, ३० अंशांना पाच मिलिमीटरच्या थोडं वर, ३५ अंशांना सव्वासहाच्या आसपास. आडवं तोडण्याच्या, फांद्या छाटण्याच्या कुऱ्हाडीला मी २५ अंश ठेवते. फोडण्याच्या कुऱ्हाडीला ३० ते ३५, कारण तिथे कापण्यापेक्षा फाकवणं जास्त असतं आणि पातळ धार गाठीवर मोडते. व्हर्नियर नसेल तर जाड पुठ्ठ्यात कोनमापकाने हव्या त्या अंशाची खाच कापून ती धारेवर बसवून पाहावी. खाचेत कुठे उजेड दिसतो त्यावरून कुठलं लोखंड काढायचं हे कळतं.

हे काम कानशीचं. दहा इंची, सपाट, मध्यम दातांची कानस, आणि तिला मूठ हवीच. मुठीविना कानशीचं टोकदार शेपूट तळहातात घुसतं. पातं शिकंज्यात आडवं, घट्ट बसवायचं. कानस फक्त पुढे ढकलताना कापते. परत आणताना उचलायची, ओढत आणली तर दात मरतात. दातांत खडू चोळून ठेवला की लोखंडाचे कण अडकत नाहीत आणि पात्यावर ओरखडे येत नाहीत. धारेच्या बाजूने आत, गालाकडे ढकललं तर धारेवर बर, म्हणजे घासताना कडेवर वळून राहणारा लोखंडाचा बारीक पापुद्रा, कमी येते, पण कानस सटकली तर बोटं थेट धारेवर जातात. म्हणून कानस आणि मूठ यांच्यामध्ये जाड चामड्याची चकती अडकवते, हातात चामडी हातमोजे घालते. कानशीची फेक दोन्ही टोकांना आखूड, मध्ये गालावर जास्त आतपर्यंत जाणारी, अशी पंख्यासारखी ठेवायची, म्हणजे धारेची गोलाई टिकते. मधलाच भाग घासत राहिलं तर धार सरळ होत जाते आणि तिचे दोन्ही कोपरे लाकडात अडकू लागतात.

कानशीचा पहिलाच हात पात्याबद्दल पुष्कळ सांगतो. कानस थोड्या विरोधासह चावत असेल आणि बारीक कीस निघत असेल तर पाणी योग्य आहे. काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर धार जास्त कडक आहे, ती मुडपण्याऐवजी टवके उडवेल. लोण्यासारखी शिरली तर धार मऊ, आणि ती पुन्हा कडक करायला भट्टीवाल्या लोहाराकडेच द्यावी लागेल. इलेक्ट्रिक ग्राइंडरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कोरड्या, वेगवान चाकावर धार लावूच नये. धारेची कड इतकी पातळ असते की एका सेकंदात निळी होते, आणि तो निळा डाग पॉलिश करून दिसेनासा केला तरी आतलं पोलाद मऊच राहतं. चाक वापरायचंच तर हळू फिरणारं आणि पाण्यात भिजणारं.

धारेवर एक-दीड मिलिमीटरची खाच असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत घासत बसू नका. तेवढं पोलाद वाया जातं. खाच आजूबाजूला गुळगुळीत करून सोडून द्यावी. पुढच्या काही वेळच्या धार लावण्यात ती आपोआप संपते.

कानशीनंतर दगड. आधी भरड बाजू, मग बारीक, साधारण ४०० आणि १००० ग्रिट. दगड हातात धरून पात्यावर छोटी छोटी वर्तुळं काढत एका टोकाकडून दुसरीकडे जायचं. धारेवर आधी काळ्या मार्करने रेघ ओढली तर दगड कुठे लागतोय आणि कुठे नाही ते लगेच दिसतं. एका बाजूला काम पुरेसं झालं की दुसऱ्या बाजूला बर येते. गालावरून धारेकडे, धारेपलीकडे बोट सरकवलं की ती नखाला अडते. धारेच्या लांबीभर ती सलग लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर मागच्या दिशेने दहा-पंधरा हात, की बर गळून पडते. तपासायला अंगठा लावू नये. दिव्याखाली धार डोळ्यांसमोर सरळ धरावी. बोथट धार उजेड परावर्तित करते, एक पांढरी रेघ चमकते. तीक्ष्ण धारेवर काहीच दिसत नाही. जिथे ठिपका चमकतो तिथेच परत दगड.

दांड्याचं लाकूड चिवट हवं, नुसतं कठीण नाही. हिकरी, अ‍ॅश, धावडा, बाभूळ, तिवस ही लाकडं घाव शोषतात. सागवान टिकाऊ असलं तरी अशा धक्क्याला ठिसूळ पडतं. लाकूड पूर्ण वाळलेलं असावं. ओल्या लाकडाचा दांडा बसवताना घट्ट वाटतो आणि आकसून पुढे सैल होतो. तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग जायला हवेत. दांड्याच्या कडेवर बोट ठेवून एका तंतूचा माग काढला आणि तो मध्येच बाजूने बाहेर पडला, तर दांडा तिथेच तुटणार. टोकावर वर्तुळांच्या रेघा दिसत असतील तर त्या पात्याच्या दिशेला समांतर असाव्यात. पण माझ्या अनुभवात तंतूंचा सलगपणा त्याहून महत्त्वाचा. लांबी कामाप्रमाणे: दीड किलोच्या पात्याला ७० ते ८० सेंटिमीटर, ६०० ग्रॅमच्या हातकुऱ्हाडीला ३५ ते ४०.

कुदळीसारखं नेढं असेल तर दांडा वरून खाली सरकवला जातो. त्याचं वरचं टोक जाड असतं आणि फिरवताना पातं बाहेरच्या दिशेला ओढलं जाऊन आपोआप घट्ट होतं. तिथे पाचरीची गरज नाही, फक्त टोकाचा निमुळतेपणा नेढ्याला सर्वत्र टेकला पाहिजे. पाचरीच्या कुऱ्हाडीत काम जास्त आहे. नेढ्याच्या आत काजळी फासायची, दांडा आत घालून ठोकायचा, बाहेर काढायचा. जिथे काळं लागलं तिथेच लाकूड अडतंय, तेवढंच लाकडाच्या कानशीने किंवा काचेच्या तुकड्याने खरवडायचं. परत घालायचं. हे कंटाळवाणं आहे आणि यालाच पर्याय नाही. घाईने जास्त तासलेल्या दांड्याला कुठलीच पाचर वाचवत नाही.

दांड्याच्या वरच्या टोकाला नेढ्याच्या लांबीच्या दिशेने करवतीने चीर पाडायची, नेढ्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांश. याहून खोल गेली तर चीर पात्याखाली उतरते आणि तिथून दांडा फाटतो. शेवटचं बसवताना पातं जमिनीवर ठेवून वरून ठोकायचं नाही. दांडा उभा, पातं खाली हवेत लोंबतं ठेवून दांड्याच्या वरच्या बुडावर लाकडी हातोड्याने मारायचं. पातं जड असल्याने जागेवर राहतं आणि दांडा त्यात खाली शिरत जातो. प्रत्येक ठोक्याला काही मिलिमीटर. नेढ्याच्या तोंडातून पाच मिलिमीटर दांडा बाहेर राहिला पाहिजे. मग कोरड्या लाकडाची, नेढ्याच्या पूर्ण लांबीची पातळ पाचर. फार तिरपी पाचर दोन ठोक्यांत उसळून बाहेर येते. चिरेच्या तळाला टेकूनही सैल वाटत असेल तर पाचरीचं टोक थोडं कापून परत मारावी. ती आवाज बदलेपर्यंत ठोकायची, उरलेली कापायची. बाहेर राहिलेलं पाच मिलिमीटर लाकूड नेढ्याच्या कडेवर पसरतं आणि कुलपासारखं काम करतं, म्हणून ते पृष्ठभागाशी सपाट कापू नये. दांडा सरळ बसला का हे धारेकडून दांड्याच्या शेवटाकडे एक डोळा मिटून पाहिलं की कळतं: धारेची रेघ बुडाच्या मध्यातून गेली पाहिजे.

सैल दांडा पाण्यात भिजवून घट्ट करायची सवय फार जुनी आहे आणि तितकीच घातक. लाकूड फुगतं, लोखंडाला टेकून त्याचे तंतू चिरडले जातात, वाळल्यावर ते आधीपेक्षाही बारीक होतात. शिवाय आतून गंज चढतो. एका दिवसाच्या घट्टपणासाठी दांड्याचं उरलेलं आयुष्य जातं.

विकतच्या दांड्यावरचा चकचकीत वॉर्निश खरवडून काढावा. घामेजल्या हाताला तो चिकटतो आणि फोड आणतो. त्याऐवजी जवसाचं तेल, अगदी पातळ हात, अर्ध्या तासाने जादाचं पुसून. पहिला आठवडा रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, त्यानंतर अधूनमधून. वरच्या टोकाला, जिथे तंतूंची तोंडं उघडी असतात, तेल जास्त पाजावं, कारण ओलावा तिथूनच आत-बाहेर होतो. एक गोष्ट गंभीरपणे: जवसाच्या तेलाचे बोळे गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं कापड आपोआप पेट घेऊ शकतं. कापड बाहेर, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता वापर. लाकूड फोडायला खाली ठोकळा लागतो, गुडघ्याच्या उंचीचा किंवा थोडा खाली. जमिनीवर ठेवून फोडलं तर एक चुकलेला घाव धार दगडमातीत घालतो आणि सगळी मेहनत एका क्षणात वाया जाते. फोडायचा तुकडा ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला ठेवायचा, मध्यभागी नाही. घाव अलीकडे पडला तर पातं ठोकळ्यात रुतेल, नडगीकडे येणार नाही. पाय खांद्याइतके फाकलेले, दोन्ही समान रेषेत. हात पूर्ण लांब करून धार तुकड्यावर टेकवायची, तेच आपलं अंतर. कुऱ्हाड खाली येताना गुडघे वाकवायचे, म्हणजे घाव बसताना दांडा जमिनीला समांतर राहतो आणि पातं कमानीत पायाकडे वळत नाही. फार जवळ उभं राहिलं तर पातं लाकडाच्या पलीकडे जातं आणि दांडा तुकड्याच्या कडेवर आपटतो. बहुतेक दांडे पात्याच्या चार बोटं खाली तुटतात ते यामुळेच.

छोटी हातकुऱ्हाड लोकांना सुरक्षित वाटते. ती जास्त धोक्याची आहे. दांडा आखूड असल्याने चुकलेला घाव थेट गुडघ्यापर्यंत पोहोचतो. तिच्याने काम करताना गुडघ्यावर बसावं, म्हणजे घाव आधी ठोकळ्याला किंवा जमिनीला लागतो.

जोर वेगातून येतो. घावाची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात: वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून पेलवत नाही ती जड कुऱ्हाड उचलण्यापेक्षा बेताच्या वजनाची, नीट फिरवता येणारी बरी. वरचा हात उचलताना पात्याजवळ, खाली येताना सरकत दुसऱ्या हाताला मिळतो. नजर कुऱ्हाडीवर नाही, घाव घालायच्या जागेवर. तुकड्याच्या टोकावर वाळताना पडलेल्या चिरा असतात, घाव त्या रेषेत. गाठ टाळायची, टाळता येत नसेल तर तिच्या बाजूने. मोठा ओंडका मधोमध फोडायचा हट्ट न धरता कडेकडेने ढलपे काढत आत यावं.

पातं अडकलं तर दांडा डावीकडे-उजवीकडे हलवू नये, नेढ्यातली पाचर त्यानेच सुटते. दांड्याच्या बुडावर तळहाताने खालून वर, मग वरून खाली ठोके द्यावेत. अडकलेल्या पात्याच्या तुंब्यावर घण तर कधीच नाही. लोखंडावर लोखंड आपटलं की उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. चष्मा या कामात कायम हवा, आणि बंद, जाड बूट.

आडवं तोडताना खाचेची रुंदी ओंडक्याच्या जाडीइतकी हवी. सुरुवातीला ती विचित्र वाटते, पण अरुंद खाचेत अर्ध्यातच धार अडकते आणि ढलप्या सुटत नाहीत. घाव सरळ खाली घालू नये, साधारण ४५ अंशांच्या तिरपेपणाने, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. अर्ध्यापर्यंत गेलं की ओंडका फिरवून दुसऱ्या बाजूने. फांद्या छाटताना खोड स्वतःच्या आणि फांदीच्या मध्ये ठेवायचं, बुंध्याकडून शेंड्याकडे जायचं आणि घाव फांदीच्या खालच्या, बाहेरच्या बाजूने घालायचा. वरच्या बेचक्यात घातला तर लाकूड खोडात फाटत जातं. सुरुवात करण्याआधी कुऱ्हाड हातभर लांब धरून सावकाश एक फेरी मारून पाहावी: डोक्यावरची लोंबती फांदी किंवा तार घावाची दिशा बदलते. उभं झाड पाडणं हे वेगळं शास्त्र आहे, ते जाणकाराबरोबरच शिकावं.

काम संपलं की पातं पुसून कोरडं करायचं, डिंक लागला असेल तर रॉकेलने काढायचा, आणि खनिज तेलाचा पातळ हात. खाद्यतेल चिकट होतं, धूळ धरतं. चामड्याच्या म्यानात कुऱ्हाड महिनोन्महिने ठेवू नये. चामडं ओलावा धरतं आणि त्यातली कमावण्याची द्रव्यं लोखंडावर काळे डाग पाडतात. म्यान नेण्या-आणण्यापुरतं. नेताना पात्याच्या अगदी खाली धरून, धार पुढे आणि शरीरापासून बाहेर, खांद्यावर नाही. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलेला दांडा आकसतो, ओल्या जमिनीवर टेकवलेला फुगतो.

पात्याच्या खालच्या कडेला लागून दांड्यावर पेन्सिलने एक रेघ ओढून ठेवते. दर वेळी काम सुरू करण्याआधी ती पाहायची. रेघ आणि पातं यांच्यामध्ये फट दिसली तर पातं वर सरकलंय. पाचर तपासल्याशिवाय एकही घाव घालायचा नाही. उलटं, रेघ पात्याखाली झाकली गेली तर दांडा आकसून पातं खाली उतरलंय. धार लावता लावता एके दिवशी कानस आधीपेक्षा सहज चावू लागते. पात्याचा कडक केलेला भाग धारेपासून काही सेंटिमीटरच असतो, तो संपला की मागचं मऊ लोखंड उघडं पडतं. मग ती धार रोज लावावी लागते आणि रोज जाते. असं पातं खिळे किंवा मुळ्या असलेल्या मळक्या कामाला वेगळं काढावं, किंवा लोहाराकडे नेऊन पुढे नवं पोलाद जोडून घ्यावं.